कै. धुंडिराज गोविंद फाळके : शिकत राहिलेला शिक्षक

नाशिक शहराचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. गोदावरीच्या कांठचें हें गांव तीर्थक्षेत्र म्हणून सर्वत्र ठाऊक आहे. परंतु आमच्या मंडळ्यांत त्याच्या लगतच्या शरणपुराचेंही नांव पिढ्यानुपिढ्या घेतलें जातें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें ख्रिस्ती वस्ती वसली, आणि गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना तेथें अक्षरओळखीबरोबरच सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकविण्यांत आले. त्या मुलांपैकीं कांहीं जण १८६६ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासांत त्यांजबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागांत गेले. तेव्हां हातांस धंदा शिकविणें ही गोष्ट नाशिकच्या मातीस जुनीच आहे.

आज आम्ही त्याच नाशिकशीं जन्मानें आणि मरणानेंही बांधल्या गेलेल्या एका गृहस्थांचें चरित्र सांगणार आहों. दादासाहेब फाळके हें नांव हिंदुस्थानांत चलच्चित्रें निर्माण करणारे आद्य पुरुष म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्यांची ती कीर्ति सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. आमच्या मनांत बरेच दिवस एक प्रश्न घोळत आहे, आणि त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस फाळके यांची आठवण झाली.

तो प्रश्न असा. अक्षरें शिकविणाऱ्या शिक्षकासाठीं अध्यापनाचीं विद्यालयें आहेत, पुस्तकें आहेत, परीक्षा आहेत. परंतु रंधा मारावयास शिकविणारा सुतारमास्तर, शिवण शिकविणारी बाई, माग चालवावयास शिकविणारा विणकर यांना कोण शिकवितो? एकदां नेमणूक झाली कीं तो आपल्या खोलींत एकटा असतो. हत्यारें बदलतात, लाकूड बदलतें, गिऱ्हाइकाची आवड बदलते. परंतु ज्याला विचारावें असा सोबती त्याच्यापाशीं नसतो, आणि असलाच तर विचारण्याची लाज वाटते. मग तो जें तीस वर्षांपूर्वीं शिकला तेंच तीस वर्षें शिकवीत राहतो. फाळके यांचें आयुष्य या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल इशाराही आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृताचे विद्वान होते. पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्यासाठीं त्यांस बोलावणें आलें, आणि कुटुंब मुंबईस गेलें. हें कॉलेज स्कॉटिश मिशनचें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. शास्त्र्याचा मुलगा शास्त्रीच व्हावयाचा, असा त्या काळचा रिवाज. परंतु या मुलाचा ओढा पोथीपेक्षां रंगांकडे व हातांच्या कामाकडे अधिक होता. १८८५ सालीं त्यानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेश घेतला व तेथें तो चित्रकलेचे पहिले धडे शिकला.

तेथून ते बडोद्यास गेले. बडोद्यास त्या वेळीं एक विलक्षण संस्था उभी राहत होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं १८९० सालीं कलाभवन स्थापन केलें. रंग, कापड, सुतारकाम, यंत्रें यांचें शिक्षण देशी भाषांतून द्यावें, इंग्रजी येत नाहीं म्हणून कोणा कारागिराच्या मुलास मागें ठेवूं नये, असा गज्जर यांचा आग्रह होता. रसायनशास्त्राचा हा पंडित आपलें ज्ञान कुलुपांत ठेवणारा नव्हता. तरुण फाळके यांचा उत्साह पाहून त्यांनीं कलाभवनांतील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा त्यांस वापरावयास मोकळी करून दिली. कोणत्या औषधानें कांच धुवावी, कोणत्यानें चित्र उमटतें, कोणत्यानें तें पक्कें होतें, हें सारें फाळके तेथें हातानें करून शिकले. तिरंगी ठसे करण्याची कला बडोद्यास पुरेशी अवगत नव्हती, म्हणून त्यांस रतलामास एका जाणत्या कारागिराकडे पाठविण्यांत आलें. आपणांस येत नाहीं तें दुसऱ्यापाशीं आहे हें कबूल करून शिष्यास त्याच्या दारीं धाडणें, हें थोड्याच गुरूंना साधतें.

पुढील वीस वर्षांत फाळके यांनीं किती धंदे केले याची गणती केली तर आश्चर्य वाटतें. त्यांनीं चित्रें रंगविलीं, आदर्श नाटकगृहाची प्रतिकृति करून १८९२ सालीं अहमदाबादच्या प्रदर्शनांत पदक मिळविलें, आणि गोध्रा येथें छायाचित्रांचें दुकान घातलें. एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून प्रोफेसर केल्फा या नांवानें त्यांनीं जादूचे प्रयोगही केले. प्लेगच्या त्या दुष्ट दिवसांत त्यांची पहिली पत्नी व मूल दोघेंही गेलीं. १९०२ मध्यें त्यांचा दुसरा विवाह झाला. ती पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांच्याविषयीं आम्हांस पुढें अधिक सांगावयाचें आहे. १९०३ च्या सुमारास सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून त्यांस नोकरी मिळाली. परंतु वंगभंगाच्या चळवळीच्या काळांत त्यांनीं ती सोडली आणि लोणावळ्यास ठसे कोरण्याचा व छापण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठीं त्यांनीं काम केलें. रंगीत छपाईचीं यंत्रें पाहण्यासाठीं १९०९ मध्यें ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना नांवारूपास आला, आणि त्याच वेळीं भागीदारांशीं बिनसलें. चाळिशीच्या उंबरठ्यावर फाळके रिकाम्या हातांनीं बाहेर पडले.

या निराशेच्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईंत गिरगांवच्या एका तंबूंत त्यांनीं प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्राचें चलच्चित्र पाहिलें. पांढऱ्या पडद्यावर ख्रिस्ताचा जन्म, त्याचें चालणें-बोलणें व त्याचा क्रूसावरील मृत्यु हीं सजीव होऊन त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलीं. ते घरीं आले ते अस्वस्थ होऊनच. आणि पुन्हां आपल्या पत्नीस घेऊन तेंच चित्र पाहण्यास गेले. आपल्या देशांतील पूज्य कथा अशाच पडद्यावर कां येऊं नयेत, आणि त्या आपल्याच हातांनीं कां तयार होऊं नयेत, हा विचार त्या रात्रीं त्यांच्या मनांत रुजला. पुढें त्यांनीं जे चित्रपट केले त्यांचे विषय पुराणांतले होते. त्यांविषयीं वाद घालण्याचें हें स्थळ नव्हे. आमच्या प्रभूच्या चरित्राचें एक मूक चित्र पाहून एका हिंदु कारागिराच्या आयुष्याची दिशा पालटली, एवढी गोष्ट मात्र आम्हीं विसरूं नये असें वाटतें.

यापुढें त्यांनीं जें केलें तें प्रत्येक शिक्षकानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वय चाळीस, पदरीं मुलेंबाळें, हातांत पैसा नाहीं. तरी त्यांनीं पुन्हां विद्यार्थी होण्याचें ठरविलें. चित्रपटाविषयीं जें मिळेल तें ते वाचूं लागले, रोज चित्रें पाहूं लागले, झोप सोडून प्रयोग करूं लागले. या अतिश्रमानें त्यांचे डोळे इतके बिघडले कीं कांहीं काळ त्यांस दिसेनासें झालें. वैद्यकीय उपचारांनीं व विश्रांतीनें दृष्टी परत आली. नंतर आपली आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनीं रक्कम उभी केली व १९१२ च्या आरंभीं ते लंडनास गेले. तेथें त्यांची कोणाशींही ओळख नव्हती. बायोस्कोप नांवाचें एक साप्ताहिक ते मुंबईंत वाचीत असत. त्याच्या कचेरींत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादकानें आधीं त्यांस या धंद्याच्या खाचखळग्यांची कल्पना देऊन परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांचा निश्चय पाहून सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रनिर्मात्याकडे त्यांस पाठविलें. हेपवर्थ यांनीं आपला वॉल्टन येथील सारा कारखाना त्यांस फिरून दाखविला व काम कसें चालतें तें डोळ्यांनीं पाहूं दिलें. एका धंद्यांतील मुरलेल्या माणसानें परदेशाहून आलेल्या नवशिक्यास आपलीं दारें उघडीं करावीं, ही लहान गोष्ट नव्हे. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व इतर सामान खरेदी करून त्याच वसंतांत फाळके मायदेशीं परतले.

आतां शिकणाऱ्याचा शिकविणारा झाला. पहिला विद्यार्थी म्हणजे त्यांची पत्नी. त्या काळीं कोऱ्या फिल्मच्या दोन्ही कडांस भोंकें पाडावीं लागत, आणि तें काम अंधारांतच करावयाचें. सरस्वतीबाई दिवसा घरांतील माणसांचा व कामगारांचा मिळून साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक करीत आणि रात्रीं काळोख्या खोलींत बसून फिल्मला भोंकें पाडीत. औषधें मिसळणें, फिल्म धुणें, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून प्रकाश पात्रांच्या तोंडावर वळविणें, हें सारें त्या शिकल्या. शाळेची पायरी चढलेला मनुष्यच यंत्रविद्या शिकूं शकतो असें म्हणणाऱ्यांनीं या बाईंचें उदाहरण ध्यानांत धरावें.

दुसरा विद्यार्थी म्हणजे त्र्यंबकचे त्यांचे बालमित्र त्र्यंबक तेलंग. त्यांच्या हातीं फाळके यांनीं कॅमेरा दिला व तो चालविण्याचें कसब त्यांस शिकविलें. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळके यांनीं आधीं एक लहानसें चित्र केलें. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागीं रोखला, आणि महिनाभर रोज थोडथोडें चित्र घेत राहिले. तें पडद्यावर लावलें तेव्हां पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मातींतून कोंब फुटला, वेल वर चढला. शेतकरी वाचकांना यांत नवल वाटणार नाहीं, कारण हें काम देव त्यांच्या शेतांत रोज करतो. परंतु महिन्याचें काम निमिषांत दाखविण्याची ही युक्ति पाहून पैसेवाले थक्क झाले, आणि कर्ज मिळालें.

मग दादर येथें राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचें काम सुरूं झालें. राणीचें काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. शेवटीं ग्रँट रोडवरील एका खाणावळींत काम करणाऱ्या अण्णा साळुंखे नांवाच्या नाजूक बांध्याच्या तरुणास फाळके यांनीं तयार केलें. राजाचें काम दत्तात्रय दाबके यांनीं केलें व राजपुत्राचें फाळके यांच्या स्वतःच्या मुलानें, भालचंद्रानें. सुमारें ३,७०० फुटांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांसमोर आला, आणि हिंदुस्थानांतील चित्रधंद्याचा पाया घातला गेला.

यानंतर फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला. गोदावरीचे घाट, भोंवतालचे डोंगर आणि स्वच्छ ऊन हीं त्यांस तेथें फुकट मिळत होतीं. त्या वाड्यांत नट, सुतार, पडदे रंगविणारे, फिल्म धुणारे हे सर्व एका कुटुंबासारखे राहत. सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच छपराखालीं राहणारी ती एक उद्योगशाळाच होती. जो आज तलवार धरून पडद्यासमोर उभा राही, तो उद्यां पडद्यामागें हातोडा घेई. खाणावळींतून आलेल्या त्या अण्णा साळुंख्यांनीं १९१७ सालच्या लंकादहन या चित्रपटांत राम व सीता हीं दोन्ही कामें केलीं, आणि पुढें तेच गृहस्थ कॅमेराही चालवूं लागले. स्वयंपाकी नट झाला आणि नट यंत्रज्ञ झाला, तो केवळ जवळच्या माणसानें आपलें कसब लपवून ठेविलें नाहीं म्हणून.

फाळके यांचें आणखी एक कृत्य आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. १९१७ च्या सुमारास त्यांनीं चित्रपट कसे तयार करतात या नांवाचें एक छोटें चित्र केलें. त्यांत नटांना शिकवितांना, फिल्म धुतांना व तपासतांना ते स्वतः दिसतात. ज्या विद्येसाठीं त्यांनीं डोळे व संसार पणाला लाविले, जी विकत घेण्यासाठीं ते समुद्रापार गेले, ती त्यांनीं चार आण्यांत सर्वांपुढें उलगडून दाखविली. त्याच सुमारास नवयुग मासिकांत लेख लिहून त्यांनीं आपल्या धंद्याची हकीकत मराठी वाचकांस सांगितली. १९१४ मध्यें ते दुसऱ्यांदा लंडनास गेले असतां तेथेंच राहून चित्रें करण्याचें बोलावणें त्यांस आलें होतें. तें न स्वीकारतां ते नाशिकास परत आले. नाशिकांतील माणसांना तयार करण्यांत त्यांस अधिक गोडी होती.

येथवर चरित्र आनंदानें सांगण्यासारखें आहे. परंतु थोर माणसाचे गुण तेवढे सांगून दोष झांकणें हें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं, आणि त्यानें कोणाचा फायदाही होणार नाहीं. १९१८ च्या आरंभीं फाळके यांनीं मुंबईच्या कांहीं व्यापाऱ्यांबरोबर भागी करून हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली. पैशाची काळजी दुसऱ्यांनीं वाहावी व आपण मन लावून काम करावें आणि माणसें तयार करावीं, असा त्यांचा हेतु होता. श्रीकृष्णजन्म, आणि १९१९ मध्यें कालियामर्दन, हीं चित्रें लोकांस फार आवडलीं; कालियामर्दनांत त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिनें कृष्णाचें काम केलें. परंतु भागीदार खर्चाचा हिशेब मागूं लागले आणि फाळके यांस कामांत ढवळाढवळ सोसेना. लोणावळ्याच्या छापखान्यापासून जी गांठ पडली होती तीच पुन्हां पडली. ते कंपनी सोडून काशीस गेले. तेथें त्यांनीं रंगभूमि नांवाचें नाटक लिहिलें. कांहीं वर्षांनीं ते परत आले खरे, पण पूर्वीचा मेळ पुन्हां जमला नाहीं.

आम्हांस वाटतें तें असें. फाळके यांना वडिलांपासून शिकणें साधलें आणि लहानांस शिकविणें साधलें. परंतु बरोबरीच्यांशीं मांडीस मांडी लावून बसणें, त्यांचें ऐकणें, आपली रीत थोडी वांकविणें हें साधलें नाहीं. गज्जरांपुढें ते विद्यार्थी होते, साळुंख्यांपुढें गुरु होते. सोबती मात्र कोणाचेच झाले नाहींत. इकडे त्याच काळांत कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या भोंवतीं कारागिरांचा एक मेळा जमला होता. त्यांनीं कॅमेरादेखील आपल्या हातांनीं बनविला आणि १९२० मध्यें सैरंध्री हा चित्रपट केला. त्या मेळ्यांतून दामले, फत्तेलाल व शांताराम हे पुढें आले आणि १९२९ मध्यें त्यांनीं इतर सोबत्यांसह प्रभात कंपनी काढली. एकमेकांपासून शिकण्याची संवय जेथें लागते तेथें गुरु बाजूला झाला तरी शाळा चालू राहते.

१९३१ मध्यें हिंदुस्थानांत बोलपट आला. मूक चित्रांच्या विद्येंत मुरलेल्या फाळके यांचा सेतुबंधन हा चित्रपट १९३२ मध्यें निघाला तो मूकच. आवाज त्यास मागाहून जोडावा लागला. १९३७ मध्यें कोल्हापूर सिनेटोनसाठीं त्यांनीं गंगावतरण हा बोलपट केला, आणि तो त्यांचा शेवटचा. सदुसष्टाव्या वर्षीं पुन्हां नवें शिकण्यास बसलेल्या या वृद्धाचें कौतुकच करावें लागेल. परंतु ज्यांच्याबरोबर बसून शिकावें असे बरोबरीचे सोबती आतां त्यांच्या भोंवतीं नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते वारले. ज्या धंद्याचा पाया त्यांनीं घातला त्यांत तोंवर लाखोंची उलाढाल होऊं लागली होती. त्या संपत्तींतील फारसें कांहीं त्यांच्या घरीं आलें नव्हतें.

त्यांच्या मागें पुण्यास प्रभातच्याच जागेंत १९६० मध्यें सरकारनें चित्रपटाचें शिक्षण देणारी संस्था उघडली. १९६९ पासून त्यांच्या नांवानें राष्ट्राचा मोठा पुरस्कार दिला जातो. नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारकही उभें आहे. परंतु आमच्या मतें त्यांचें खरें स्मारक म्हणजे काळोख्या खोलींत फिल्मला भोंकें पाडणाऱ्या सरस्वतीबाई व कॅमेऱ्यामागें उभा राहिलेला तो खाणावळींतला तरुण.

आतां आमच्या वाचकांस विनंती. आपल्या आसपासच्या दोन-चार गांवांत कोणी सुतारकाम शिकवितो, कोणी शिवण, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत लोखंडाचें वा विजेचें काम शिकवितो. या शिक्षकांना महिन्यांतून एक दिवस एकत्र बसवावें. सभा नको, भाषण नको. प्रत्येकानें आपली हत्यारांची पेटी बरोबर आणावी, महिन्याभरांत आपल्याला जें जमलें नाहीं तें आधीं सांगावें, आणि मग ज्याला जमतें त्यानें तें हातानें करून दाखवावें. वडील शिक्षकानें तरुणास विचारण्याची लाज धरूं नये. गुरुजनांनीं या कामासाठीं शाळेची खोली किंवा मंदिराचा ओटा उघडा करून द्यावा. धन्यानें दिलेलें नाणें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. हातांतलें कसब हेंही त्याच धन्याचें नाणें आहे. आणि तें एकट्याच्या पेटींत राहिलें तर तें पुरल्यासारखेंच होय.